टॅक्स कापला, मुबारक हो!

टॅक्स कापला गेला म्हणून आनंदानं पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. उभ्या आयुष्यात एकच, आणि तो माझा पक्षकार होता.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, धंद्यातले अनुभव लिहा, पण आकडे नकोत, वाचक पळून जातात. म्हटलं, बाई, आकड्यांना मीसुद्धा जन्मभर कंटाळलोय. मला माणसं आवडायची. आकडे त्यांच्या मागोमाग यायचे, नवरीमागून करवली येते तसे. तिला टाळता येत नाही, पण लग्नाला आपण काही तिच्यासाठी जात नाही.

मी जालन्यात आयकराची वकिली केली. सुरुवात सत्तरच्या दशकातली. बियाण्याच्या दुकानावर माडीत एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि खालून सतत वर येणारा औषध लावलेल्या बियाण्याचा वास. आम्ही मूळचे धावडा गावचे. छप्पननंतर आमचं घर बौद्ध झालं आणि वडिलांनी आम्हा भावंडांच्या शिक्षणाचा असा काही ध्यास घेतला की गुरं राखायला घरात कोणी उरलंच नाही. मी वकील झालो. जिन्याखाली पाटी लावली. पाटीवरचं 'खंदारे' वाचून काही व्यापारी अर्ध्या जिन्यातून परत फिरायचे. मग नोटीस आली की तेच धापा टाकत पूर्ण जिना चढायचे. टॅक्सच्या भीतीनं भल्याभल्यांचं सोवळं सुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आले ते भीतीनं, टिकले ते माझ्या तोंडामुळे. माझं तोंड तेव्हा मोठं होतं. बायको म्हणते, अजूनही आहे.

माझ्या आईला माझा धंदा शेवटपर्यंत कळला नाही. शेजारणींना सांगायची, "पोरगं सरकारच्या तावडीतून मान्सं सोडवून आणतं." त्या बायांना मी तुरुंग फोडतो असंच वाटत असणार. आम्ही फोडत काही नव्हतो. कायद्यात माणसासाठी एखादी सवलत कुठं दडलेली असते, ती शोधून साहेबांपुढं ठेवायची आणि साहेब ओरडले की मान खाली घालून ऐकून घ्यायचं, एवढंच आमचं काम.

आमचे साहेब औरंगाबादला बसायचे. नाव सांगत नाही. आम्ही वकील मंडळी त्यांना आपसात मिरचीसाहेब म्हणायचो. माणूस एकदम सचोटीचा, पण जिभेला हाड नाही. कोणाला 'या, बसा' म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. म्हटलं फक्त एकदा, तेही चुकून. परतूरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याला मी सुनावणीला घेऊन गेलो होतो. गरीब दिसावं म्हणून शेठनं आपल्या हमालाचा ठिगळाचा सदरा घातला, आणि हमाल उघडा कसा येणार म्हणून त्याला स्वतःचा मलमलचा दिला. मला हे कळलं तेव्हा आम्ही साहेबांच्या दारात उभे होतो. साहेबांनी दोघांकडं पाहिलं आणि हमालाला म्हणाले, "बसा शेठ." हमालही बसला. चांगला ऐसपैस बसला.

"धंदा कसा चाललाय?"

"लई जोरात," हमाल म्हणाला. खोटं कशाला बोलेल बिचारा? पोती तर तोच उचलत होता. शेठ पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, जसे काही सदरे मीच बदलायला लावले होते.

पण मला सांगायचंय ते कय्यूमचाचांचं.

आधी आल्या त्या जुबेदाचाची, कय्यूमचाचांची बायको. एका दुपारी बुरख्याची जाळी वर टाकून, जिना चढून, न विचारता खुर्चीत बसल्या. श्वास घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही विलायतचे कागद वाचता का?"

"वाचतो. काय झालं?"

"आमच्या यांनी कलम ठेवून दिली. दोन किताबा पुऱ्या केल्या, तिसरी अर्धी पडून हाय. जेवून न्हाई राह्यले, बोलून न्हाई राह्यले. नुस्ते भिताडाकडं बघत बसून राह्यलेत. का, तर विलायतवाल्यांनी पैसे कापले."

"पैशासाठी एवढं मनाला लावून घेतलं?"

"पैसे गेले चुलीत!" चाची अशा कडाडल्या की खाली बियाणं मोजणारा माणूस वर बघायला आला. "पैशाचं कोन बोलतंय? त्यांना वाटून राह्यलं, लिहिण्यात गलती निघाली म्हणून कापले."

मग हळूहळू उलगडा झाला. कय्यूमचाचा खुशनवीस होते, म्हणजे सुंदर अक्षर काढणारे. तेव्हा उर्दू पुस्तकं खिळे जुळवून छापत नसत. एक माणूस बोरूनं अख्खं पुस्तक हातानं लिहायचा, त्या पानांचे फोटो काढून त्यावरून छपाई व्हायची. चाचांनी जवानी हैदराबादच्या छापखान्यांत घालवली आणि उतारवयात जालन्याला परत आले. कोणा नातेवाइकानं त्यांचं अक्षर विलायतेत एका पुस्तकांच्या कंपनीला दाखवलं. तिकडं स्थायिक झालेल्या लोकांच्या पोरांना उर्दू शिकवायची पुस्तकं ती कंपनी काढायची. मजकूर तिकडून यायचा, चाचा इथं लिहायचे, पानं विमानाच्या टपालानं जायची आणि मोबदला बँकेत यायचा. कंपनीची ना नोकरी, ना पगार, कामापुरता संबंध. आजकाल ज्याला फ्रीलान्स म्हणतात, ते आमचे कय्यूमचाचा जालन्याच्या गल्लीत बसून तेव्हाच करत होते.

चाचींनी आणलेलं पत्र मी वाचलं. साधी गोष्ट होती. कंपनीनं दोन्ही वेळा मोबदल्यातून टॅक्स कापून घेतला होता. पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनी 'कटौती' एवढा शब्द उच्चारला आणि चाचांनी पुढचं काही ऐकलंच नाही. मी मोठ्यानं हसलो.

"चाची, ही गलती नाही, हा टॅक्स आहे."

"तेच मी म्हन्ते. गलती असूच शकत न्हाई," चाची ठामपणे म्हणाल्या. "पन माझं ऐकतंय कोन? तुम्ही चला."

वाचकहो, हा टॅक्स का कापतात ते सांगतो, मोजून दोन वाक्यांत. म्हणजे चार होतील. पैसे घेणारा माणूस परदेशात बसलेला असतो. उद्या तिकडचे टॅक्सवाले त्याला कुठं धुंडाळणार? म्हणून तिकडचं सरकार कंपनीला बजावतं, त्याच्या हातावर ठेवण्याआधीच आमचा वाटा काढून घे. इकडे आपलं सरकार म्हणतं, तू इथं राहतोस, मग जगात कुठूनही कमावलं तरी आम्हाला दाखव. एकाच भाकरीचा दोघांनी घास घेऊ नये म्हणून कायद्यात सोय आहे: तिकडं टॅक्स भरल्याचा पुरावा द्या, इकडं तेवढी सूट घ्या. झालं. यात रुसून बसण्यासारखं काय आहे? मी याच तोऱ्यात चाचांच्या घरी गेलो.

चाचा पाटापुढं बसले होते. बारीक अंगाचे, पांढरीशुभ्र दाढी, बोटांना शाईचा कायमचा डाग. पाटावर बोरू एका रांगेत ठेवलेले आणि सगळे कोरडे. माझ्याशी ते मराठीतच बोलायचे, मन भरून आलं की दखनीत शिरायचे. मी माझ्या मोठ्या आवाजात सगळा कायदा समजावून सांगितला. त्यांनी मला चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुक्रिया, वकीलसाब. तुम्ही नेक मानूस हाय. पन मला समजलं."

"काय समजलं?"

"हैद्राबादला आमच्या छापखान्यात उस्तादला कोनी तोंडावर सांगत नव्हतं, का तुमची गलती झाली. बेअदबी व्हती ना ती. मालक मजुरीतून थोडं कापायचा आनि म्हनायचा, रोशनाईचा, म्हंजे शाईचा खर्चा. कधी म्हनायचा, दिव्याच्या तेलाचा खर्चा. उस्ताद समजून जायचा. काही न बोलता पानं पुन्हा काढून बसायचा." चाचा खिन्न हसले. "हे विलायतवाले त्यांच्याहून शरीफ. त्यांनी टॅक्स म्हटलं."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, दोन्ही पुस्तकांना एकाच हिशेबानं कापलंय. चूक काय मापून होते का? तर म्हणाले, "दोन्हीत तीच गलती झाली आसंल." मी म्हटलं, कंपनीला विचारून बघू. तर म्हणाले, "ते काय सांगतील? तुमच्या लिखाईत खोट हाय म्हनून? शरीफ लोक हायेत." शेवटी माझा पारा चढला आणि मी ओरडलो, "अहो चाचा, टॅक्स म्हणजे टॅक्स! सरळ सांगतोय ना मी!"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही बी माझी अदब राखून राह्यले. कळतंय मला."

माझ्यावर आयुष्यात अनेक आरोप झाले. अदबीचा हा पहिलाच.

हसू येत होतं, पण मग ते जे बोलले त्यानं माझं हसू गेलं. लिहिलेली पानं विलायतेत, म्हणजे तपासायला हाताशी काही नाही. म्हणून चाचा दिवसभर भिंतीकडं बघत ती पानं आठवणीतून एकेक ओळ पुन्हा लिहीत होते, मांडीवर बोट फिरवून. चूक शोधत होते. सापडत नव्हती.

"छोटे पोरं हायेत, वकीलसाब," ते म्हणाले. "परदेसात जन्मलेले. त्यांनी उर्दू हर्फ कधी बघितलाच न्हाई. पयल्यांदा बघतील तो माझ्या हातचा. त्यात खोट राहिली तर ते जिंदगीभर तशीच काढतील. मंग मी कशाला लिहू? जिस हात पे भरोसा न्हई, वो हात कायकू चलाना?"

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. कंपनीचं तिसरं पुस्तक अडलं होतं आणि त्यांनी लवकरच दुसरा कोणी शोधला असता, ही एक गोष्ट. पण खरं म्हणजे एक चांगला कारागीर माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि तोही कशानं, तर टॅक्सनं. माझ्या खात्यातला रोग आणि मला त्याचं औषध माहीत नाही! मी घरी येऊन त्या रात्री बायकोवर विनाकारण चिडलो.

कंपनीकडून टॅक्स भरल्याचा दाखला मागवला. तो आला, चांगला जाड कागद, त्यावर तिकडच्या टॅक्स कचेरीचा शिक्का. धावत चाचांकडं नेला. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसत म्हणाले, "कित्ते शरीफ लोगां! मेरा दिल रखने को मोहर तक लगवाए." मी दाखला उचलला आणि काही न बोलता घरी आलो. मी काही न बोलता कुठून परत आलो, असं त्याआधी झालं नव्हतं.

आता उरलं माझं नेहमीचं काम. त्या वर्षीची चाचांची कमाई टॅक्सच्या मर्यादेच्या वर गेली होती, तेव्हा विवरण भरणं भागच होतं. मी ते भरलं आणि तिकडं कापलेल्या टॅक्सची सूट मागितली. थोड्या दिवसांनी मिरचीसाहेबांचा निरोप आला: पक्षकाराला समक्ष हजर करा. एकीकडं हे लोण्यासारखं माणूस, आधीच मोडलेलं, आणि दुसरीकडं मिरचीसाहेब. मी चाचींना म्हटलं, आजारी आहेत म्हणून कळवू. पण चाचा ऐकेनात. सरकारनं बोलावलंय, जायलाच पाहिजे. धुतलेली शेरवानी घालून सकाळच्या गाडीला हजर.

साहेबांनी मान वर न करता सुरुवात केली. "हे कोण? पुस्तकं लिहितात म्हणे. लेखक आहेत?"

"नाही साहेब, खुशनवीस. दुसऱ्यानं लिहिलेला मजकूर सुंदर अक्षरात..."

"म्हणजे नक्कल करतात. अक्षर तर आमचा कारकूनसुद्धा काढतो, त्याला नाही कोणी विलायतेतून पैसे पाठवत!" मी चाचांकडं बघायचं टाळलं. साहेबांनी दाखला ओढून घेतला. "आणि हे कापलंय कशाबद्दल? काम बिघडवल्याचा दंडबिंड तर नाही ना? आधीच सांगतो खंदारे, दंड निघाला तर एका पैशाची सूट मिळणार नाही."

जी गोष्ट चाचांच्या काळजात रुतून बसली होती, ती साहेबांनी तोंडावर, फाडकन बोलून टाकली होती. मी हळूच बाजूला पाहिलं. चाचा ताठ बसले होते आणि साहेबांकडं टक लावून बघत होते, तहानलेला माणूस पाण्याकडं बघतो तसे.

साहेबांनी दाखला उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. कारकुनाला हाक मारून एक जाडजूड पुस्तक मागवलं. कंपनीचं पत्र दाखल्याशी ताडून पाहिलं. मध्येच मला दोनदा झापलं, एकदा कारण होतं. कारकुनालाही झापलं. बऱ्याच वेळानं पेन टेबलावर आपटून म्हणाले, "टॅक्सच आहे. सरळसरळ टॅक्स. दंडाचा काही संबंध नाही. द्या सूट."

चाचा उभे राहिले. "साब, आप को पक्का यकीन है? मेरा दिल रखने को तो न्हई बोल रहे?"

साहेब असे भडकले की शिपाई आत डोकावला. "मन राखायला? मी सरकारी पैसा मन राखायला सोडतो काय? मी कोणाचं मन राखत नाही! विचारा, तुमच्या या वकिलाला विचारा!"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मीही साहेब समोर आहेत हे विसरून गेलो. "नाही राखत, चाचा. कोणाचंच नाही. इतकी वर्षं बघतोय."

"अदब?"

"औषधाला नाही."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझी वकिली तिथंच संपली असं मला वाटलं. पण तेवढ्यात चाचा टेबलाला वळसा घालून पलीकडं गेले आणि साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडभर हसू. "अल्ला आप को सलामत रखे, साब. आप ने मेरा हात मेरेकू वापस दिया."

मिरचीसाहेबांना काय करावं ते सुचेना. त्या खोलीत कोणी कधी त्यांचे आभार मानले नव्हते. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, मग खाकरले आणि शिपायाला म्हणाले, "बघतोस काय? चहा सांग. तीन."

परतीच्या गाडीत चाचांचं तोंड थांबेना. मलाही मधे बोलायला जागा देईनात, यावरून समजा. "मालक शरीफ आसू शकतो, वकीलसाब. आंग्रेज शरीफ आसू शकतो. पन सरकार शराफतीत पैसा सोडत न्हाई! सोडला, म्हंजे तो टॅक्सच व्हता!" समोरच्या बाकावर एक अंबडचा माणूस बसला होता. चाचांनी त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्याला काहीही कळलं नाही, पण त्यानंही मुबारक म्हटलं.

जालन्याला उतरल्यावर चाचांनी आधी हॉटेलातून पेढे घेतले. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि त्यांनी जी आरोळी ठोकली, ती मी विसरणार नाही. "मुबारक हो! टॅक्स कटा! जुबेदा, टॅक्स है, टॅक्स!" 'टॅक्स' हा शब्द ऐकून कोपऱ्यावरच्या कापडवाल्यानं दुकानाची फळी लावायला घेतली. त्याला वाटलं, धाड आली. मी आणि चाचांनी पुढं जाऊन त्याच्या तोंडात पेढा कोंबला तेव्हा कुठं तो थांबला. सगळी गल्ली गोळा झाली. लोक मला विचारू लागले, "वकीलसाहेब, किती वाचवला?" मी म्हटलं, "अरे बाबांनो, वाचवला म्हणून नाही, कापला म्हणून पेढे!" ते माझ्याकडं वेड्यासारखे बघत राहिले. मला इतका आनंद झाला होता की बघू देत म्हटलं.

चाचा शेरवानी न काढताच पाटापुढं बसले. बोरू तासला, शाईत बुडवला आणि अर्धवट पडलेल्या पानावर पुढचा शब्द काढला. मला उर्दू येत नाही. पण तो हात ज्या ऐटीत उजवीकडून डावीकडं गेला, ते बघत मी तिथंच उभा राहिलो. आता ती कामं यंत्रं करतात, आणि ठीकच आहे, जग थांबत नाही. त्या पोरांच्या पुस्तकांतलं एखादं मी मागून ठेवायला हवं होतं, ही मात्र हळहळ राहिली.

निघालो तेव्हा चाची दारापर्यंत आल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कोणाला बोललो नव्हतो. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितो.

"वकीलसाहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गलती जाऊच शकत न्हाई, हे मला पयल्यापासून ठाव व्हतं."

"एवढी खात्री कशी?"

"टपालात पडायच्या आधी समदी पानं मी तपासते. हे नमाजला गेले की. अक्षरावरचा नुक्ता, ठिपका, राहिला तर देते, जादा पडला तर पातीनं खरवडते. लगीन झाल्यापासून करून राह्यले. माझा बाप यांचा उस्ताद व्हता."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना त्यांना! एवढी उलघाल झाली नसती!"

"अन् काय सांगू? का तुमच्या गलत्या मी काढते म्हनून?" चाचींनी कपाळाला हात लावला. "उस्ताद हायेत ते, वकीलसाहेब."

आतून चाचांची हाक आली. "क्या बोल रहे जी, वकीलसाब से?"

चाचींनी पदर सावरला आणि मोठ्यानं उत्तर दिलं, "कुछ न्हई जी! बोल रही थी, तुमारे लिखे में एक नुक्ता बी इधर का उधर न्हई होता!"